पुढची बैठक

“दोन पाहुणे घेऊन तुम्ही जंगलात आहात. एक जण हरणाच्या मागावर गेला तो ठरल्या वेळी परतलाच नाही. काय कराल?” परीक्षकाने लोरेटला विचारलं.

याच प्रश्नावर ती दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा तिने छातीठोकपणे सांगितलं होतं, “लगेच शोधायला निघेन!” अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात, शिकाऱ्यांच्या तळावर बावीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई ती. तिला प्रत्येक ओढा ठाऊक होता, पण वाटाड्याचा परवाना तेवढ्यावर मिळत नाही.

दुसऱ्यांदा आपटून आली तेव्हा ती अभ्यासाची पुस्तकं चुलीत घालायला निघाली होती. नेमका त्याच वेळी म्हातारा ऑरिन स्वयंपाकघरात आला. चाळीस वर्षं वाटाड्या म्हणून गाजलेला हा माणूस नजर गेल्यामुळे घरी बसला होता.

“काय गं, एवढ्यात दम निघाला?”

“माझ्याच्यानं नाही व्हायचं, ऑरिनबाबा. भांडीच घासते आपली.”

“घास की, पण कान इकडे दे. माझा पहिलाच पाहुणा हरवला ना, तेव्हा मीही असाच धावलो. तो सापडला झाडाखाली घोरत. परत येतो तर दुसरा गायब! मला शोधायला निघाला होता शहाणा!”

लोरेटला हसू आवरेना.

“म्हणून सांगतो, आधी बूड टेक. जवळ आहे त्याला सांभाळ, मग दुसऱ्याचं बघ.”

मग अख्खा हिवाळा तो रोज आला. नकाशा दिसत नव्हता, तरी टेबलावर पसरायला लावायचा. ती वाचायची, तो चुका काढायचा. बदल्यात वाटीभर बीन्स खायचा आणि पोटभर शिव्या घालायचा. एवढं तिच्या सख्ख्या बापानेही तिच्यासाठी केलं नव्हतं.

“आधी मी खाली बसेन,” लोरेट आता तिसऱ्या खेपेला परीक्षकाला म्हणाली. “शिट्टी वाजवेन. तो शेवटचा कुठे दिसला ते नकाशावर टिपेन, वनरक्षकांना कळवेन. पण दुसऱ्याला एकटं टाकून हलणार नाही.”

परीक्षकाने मान डोलावली आणि कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वाटाड्याचा बिल्ला लावून ऑरिनच्या दारात हजर. “चला ट्राउट मासे धरायला. माझे पहिले पाहुणे तुम्ही.”

“पहिलाच पाहुणा, तोही फुकट्या!” असं म्हणत त्याने तो बिल्ला अंगठ्याने सावकाश चाचपला.

तळ्याकाठी आल्यावर मात्र लोरेट अडखळली. होडीत मागची, वल्हं मारायची बैठक वाटाड्याची, पुढची पाहुण्याची. ऑरिन जन्मात पुढे बसला नव्हता.

“बाबा, तुम्हीच बसा मागे. मी पुढून सांगत जाईन.”

“परवाना कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे.”

“मग झालं तर.”

होडीचा काठ चाचपत तो पुढे गेला आणि पाण्याकडे तोंड करून बसला. आभार मानायला लोरेटने तोंड उघडलं, पण मग तिने वल्हंच उचललं. होडी पाण्यात लोटून ती मागच्या बैठकीवर बसली.

“वल्हं सरळ धर गं,” तो मागे न वळता म्हणाला. त्याचे मोठाले, रिकामे हात मांडीवर शांत पडून होते.