नर्सबाईचं जहाजावर जायचं ठरतं

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं म्हणतात. झिंगू गुर्जींच्या जहाजाला विघ्न एकच होतं, पण ते सतराशेंना भारी होतं, आणि त्यांच्याच घरात बसून रोज त्यांना बिनसाखरेचा चहा गाळून देत होतं. त्या विघ्नाचं नाव सोमारीबाई.

तशी बाई वाईट नाही हो. झिंगू पुंगाटी आश्रमशाळेत मास्तर आणि सोमारीबाई उपकेंद्रात नर्स. दोघांची अख्खी नोकरी भामरागडकडे नदीपलीकडच्या गावांत गेली. आता पेन्शन घेऊन दोघं गडचिरोलीत राहतात. मुलगी करिश्मा पनवेलला बँकेत आहे. तिनं ऐन श्रावणात फोन केला. "बाबा, मुंबईहून जहाज निघते, लक्षद्वीप पाहून परत येते. दिवाळीनंतरचं तुमचं दोघांचं बुकिंग करून राह्यली मी. आता नाई म्हणू नका."

गुर्जी नाही म्हणालेच नाहीत. ज्या माणसानं जन्मभर फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र काढला आणि डोळ्यांनी कधी पाहिला नाही, तो कशाला नाही म्हणेल? पोरं विचारायची, "गुर्जी, समुद्र केवढा राह्यते?" गुर्जी खिडकीतून पुराची पर्लकोटा नदी दाखवायचे आणि म्हणायचे, "याच्याहून मोठा." त्यापुढे त्यांनाही काही माहीत नव्हतं.

अडलं ते सोमारीबाईपाशी. पहिल्यांदा तिनं गुडघे पुढे केले. "माह्यानं चढणं होत नाई. त्या जहाजाले किती पायऱ्या राह्यते कोणाले मालूम." करिश्मानं सांगितलं, लिफ्ट आहे आणि चढताना चाकाची खुर्ची मिळते. मग जेवण निघालं. गुर्जींना मीठ कमी लागतं, बाईला साखरेचा आजार, तिथं कोण पथ्य सांभाळणार? करिश्मा म्हणाली, आधी कळवलं की वेगळं शिजवून देतात, आणि मी कळवूनही बसले. मग गुर्जींची लघवीची गोळी निघाली, मग जुन्या दुखण्याला विमा चालत नाही असं निघालं. करिश्मानं खोलीतच संडास असल्याचा फोटो पाठवला आणि जुन्या दुखण्याला चालणारा विमा शोधून काढला. शेवटी कोंबड्या निघाल्या. तेव्हा शेजारच्या नीलाबाईनं कुंपणापलीकडूनच सांगून टाकलं, "कोंबड्या मी पाहीन. जाय तू." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं तर अंगणही शेजारणीनं सरळ करून दिलं.

"आईले यायचंच नाई," करिश्मा फोनवर वैतागून म्हणाली.

"येते," गुर्जी म्हणाले. "तिले टाइम लागते."

खरी गोष्ट दुसरीच होती, आणि ती सोमारीबाई कुणाला सांगत नव्हती. दोन वर्षांपूर्वी गुर्जींना झटका आला. नागपूरला नेलं, हृदयात छल्ले म्हणजे स्टेंट बसवले, माणूस वाचला. पण हृदयाचं पंपिंग जे कमी झालं ते पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. आता पलीकडच्या गावांतल्या नर्सबाईची रीत काय, ते ऐका. मृग लागायच्या आधी गावोगाव फिरायचं. जिचे दिवस भरत आलेत, ज्याला दम लागतो, जो म्हातारा भरवशाचा नाही, त्या सगळ्यांना नदीच्या अलीकडच्या काठावर आणून ठेवायचं. एकदा का पाणी पुलावरून गेलं की पलीकडे डॉक्टर नाही, गाडी नाही, फोन नाही. दवाखाना म्हणजे नर्सबाई आणि तिची पेटी, एवढंच. सोमारीबाईनं किती लोकांना असं पाण्याच्या अलीकडं आणलं, त्याची गणती नाही. ज्यांना आणता आलं नाही त्यांची नावं मात्र तिला पाठ होती.

आणि आता हिनंच आपल्या घरातल्या भरवसा नसलेल्या माणसाला उचलायचं आणि नेऊन पाण्याच्या मधोमध ठेवायचं? तिथं त्यांच्या छातीत कळ आली तर? ज्या पाण्याला काठच दिसत नाही त्यात ती एकटी काय करणार? पण मेल्याबिल्याचं बोलणं तोंडातून काढायचं नाही, काढलं की ते खरं होतं, असं तिचं पक्कं मत. मग गुडघे आणि कोंबड्या पुढे करण्यावाचून बिचारी काय करणार?

बहाणे संपले तेव्हा तिनं दुसरा डाव टाकला. बरं, जाऊ, पण तयारीनं जाऊ. बीपीचं मशीन आलं, साखरेचं आलं, वाफेचं आलं. सलाईनच्या बाटल्या आल्या. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं मिळतं का, याची चौकशी सुरू झाली. बॅगेत लुगडं ठेवायला जागा उरली नाही.

"आपुन फिराले चाललो का कॅम्प लावाले?" गुर्जींनी विचारलं.

"तुमाले काय कळते त्यातलं," ती म्हणाली आणि बॅगेत आणखी एक बँडेज कोंबलं.

दसऱ्याच्या आधी दोघं चंद्रपूरला गेले. सकाळी हृदयाच्या डॉक्टरला दाखवायचं आणि तिथून बुकिंगच्या ऑफिसात जाऊन पक्कं काय ते सांगायचं, असा बेत होता. पक्कं करायचा तो शेवटचाच दिवस होता. डॉक्टरनं इको केला, गुर्जींना व्हरांड्यात भरभर चालवलं, एक जिना चढवला. मग खुर्चीवर रेलून तो म्हणाला, "जा. बिनधास्त जा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, जास्तीच्या ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. जुना ईसीजी सोबत राहू द्या. मीठ नाही, आणि उन्हात जास्त उभं राहायचं नाही. झोप कशी आहे?"

"मले चांगली लागते," गुर्जी म्हणाले. "हिले इचारा."

"लागते मलेही," सोमारीबाई म्हणाली आणि पिशवी उचलली.

दुसरी एखादी असती तर तिनं तिथंच देवाचे आभार मानले असते. हिचं तोंड मात्र बाहेर येईपर्यंत उतरलं होतं, कारण शेवटची आशा या डॉक्टरवर होती. त्यानं नको म्हणायला हवं होतं. आता नाही म्हणायचं तर तिलाच म्हणावं लागणार होतं, आणि रिक्षात गुर्जी लहान पोरासारखे खुशीत बसले होते.

बुकिंगचं ऑफिस जटपुरा गेटजवळ होतं. तिथली दीपाली नावाची पोरगी मोठी गुणाची. तिनं आधी पाणी दिलं, मग जहाजाचा नकाशा समोर पसरला. "बाई, ही खोली घ्या. जहाजाच्या मधात आहे, खालच्या मजल्यावर. इथं हलणं कमी जाणवते. लिफ्ट बी जवळ."

सोमारीबाईनं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आन समजा, कोणाची तब्येत जास्तच झाली तर?"

"जहाजावर डॉक्टर आहे, नर्स आहेत. छोटा दवाखानाच आहे. ऑक्सिजन, ईसीजी, सगळं. लागलंच तर जवळच्या बंदरावर उतरवते."

"बंदर दूर राह्यलं तर?"

"हेलिकॉप्टर बोलावते, बाई."

पुरात येणारं हेलिकॉप्टर सोमारीबाईला नवं नव्हतं. आभाळ मोकळं होईपर्यंत त्याची वाट कशी बघावी लागते, तेही तिला ठाऊक होतं. "आभाळ राह्यलं आन नाई आलं, तर?"

"तर मग जहाजावरचेच डॉक्टर..."

"त्यांच्यानं बी नाई झालं तर? मंग काय करता तुमी लोक?"

दीपालीला काही कळेना. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाला कुणी ताक तरी कसं द्यावं? गुर्जी इतका वेळ नकाशावरच्या निळ्या रंगावरून बोट फिरवत होते. त्यांनी बोट थांबवलं.

"सोमारी, सीधं इचार ना. मी मेलो तर समुद्रात टाकते का, हेच ना?"

जो शब्द सोमारीबाईनं दोन वर्षं जिभेवर येऊ दिला नव्हता, तो या माणसानं चहा मागावा तसा टेबलावर ठेवला होता. छत कोसळेल असं तिला खरंच वाटलं. पण पंखा फिरत राहिला, बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि गुर्जी तसेच बसून होते, चांगले धडधाकट.

दीपालीला उत्तर माहीत नव्हतं, आणि तसं तिनं सांगितलं, हे तिचं चांगलं. तिनं मुंबईला फोन लावला आणि पाठ फिरवून हळू आवाजात बोलली. मग वळून म्हणाली, "टाकत नाई, बाई. जहाजावर एक थंड खोली राह्यते त्याच्यासाठी. माणसाले नीट बंदरावर आणते. पुढचं सगळं कंपनी आन विमावाले पाहते, घरापर्यंत पोचवते. गडचिरोलीले बी पोचवते, म्हणाले. रस्ता चालू राह्यला तर."

"त्या थंड खोलीचे पैसे अलग लागते का?" गुर्जींनी विचारलं.

आणि सोमारीबाईला हसू फुटलं. तिला हसायचं नव्हतं, पण आवरेना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत राहिले. दोन वर्षांची ती धास्ती कुठं गेली ते तिला कळलं नाही, पण गेली खरी. सगळ्यात वाईट जे होतं ते बोलून झालं होतं, आणि त्याचीसुद्धा कुणीतरी सोय करून ठेवली होती. एक खोली होती, एक माणूस होता, ते त्याचं काम होतं. तिचं नव्हतं.

"आन रात्री?" तिनं डोळे पुसत विचारलं. आता तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "रात्री याइले काही झालं तर?"

"पलंगापाशी बटन आहे. दाबलं की नर्स येते."

"नर्स तर मीच आहे. मंग मी काय करू?"

"तुमी?" दीपाली हसली. "तुमी पॅसेंजर आहा, बाई. तुमी झोपा."

अख्ख्या नोकरीत सोमारीबाईला असं कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात गुर्जी माडिया बोलीत बोलू लागले. घरचं, आतलं काही बोलायचं असलं की ते दोघं माडियात शिरतात, म्हणजे बाकीच्यांना कळत नाही. ते म्हणाले, "समुद्र काय, टीव्हीवरही दिसतो. मी हो म्हणालो ते वेगळ्यासाठी. रात्री तू उठून बसतेस, माझी नाडी धरून. रोज. मी जागा असतो. पोरगी म्हणाली जहाजावर दुसरी नर्स आहे. म्हटलं, चला, तिथं तरी ही झोपेल."

सोमारीबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तीही माडियात कडाडली, "दोन वर्षं डोळे मिटून सोंग करत पडलात? मी जागी आहे हे माहीत असून? सांगायला काय झालं होतं?"

गुर्जींनी मान खाली घातली. "तू हात धरायचीस," ते म्हणाले. "मला बरं वाटायचं."

मग तिनं टेबलाखाली हात नेला आणि गुर्जींचा हात धरला. नाडीवर नाही, नुसता हात. तसा तिनं तो कितीतरी वर्षांत धरला नव्हता. दीपालीनं शहाण्यासारखी मान कॉम्प्युटरकडे वळवली.

"बाई," सोमारीबाई तिला मराठीत म्हणाली, "थे मधातली खोली पक्की कर. आन आक्सिजनचं मशीन आमी नाई आणत म्हणून सांग त्याइले. तुमचंच ठेवा."

परतीची बस मूल गावाच्या पुढं जंगलात शिरायच्या आतच तिची मान कलली. व्याहाड मागं पडलं आणि बस वैनगंगेच्या पुलावर चढली. पूल कुठलाही असो, सोमारीबाई त्यावरून जाताना खिडकीला डोकं लावून पाणी कुठवर आलंय ते बघितल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. गुर्जींनी एकट्यानंच ती बघितली. बाई तोंड उघडं टाकून, चांगली घोरत, त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

गडचिरोलीच्या स्टँडवर बस रिकामी झाली. कंडक्टर येऊन उभा राहिला. "गुर्जी, उतरा ना. गाडी डेपोत चालली."

"मंग डेपोतच उतरतो, बाप्पा," गुर्जी हळू आवाजात म्हणाले. "आत्ता कुठं झोपली हाय."