कापडाची कात्री

पितळी मुठीवर ऊन पडलं होतं आणि ती मूठ नको त्या जागी होती — नविनच्या गोदामातल्या चुरीसाहेबांच्या गळाच्या उघड्या डब्यात, माशांना भुलवायचे रबरी बेडूक, पत्र्याचे मासे आणि डोळे रंगवलेली लाकडी पिल्लं यांच्या मधोमध, आडवी. चंद्रिकेची कापडाची कात्री. तिच्याकडे बघत चंद्रिका मनात मांडत होती, की नवऱ्याला, नविनला, आजच्या दिवसातून मिळून मिळून मिळणार काय: तर एक शब्द, ‘कायम’. हायवेलगतच्या गोदामात तीन वर्षं कंत्राटावर खोकी मोजणाऱ्या माणसाच्या गळ्यातल्या कार्डावर तो शब्द आला, की राखाडी शर्टाचा निळा शर्ट होतो, जेवायला आतल्या खोलीत बसता येतं, आणि बायकोला सांगता येतं की बघ, मी म्हटलं नव्हतं? त्या शेवटच्या वाक्यासाठीच बहुतेक सगळं. आणि त्यासाठी त्यानं घातलं काय — एक रविवार, नाचणीच्या दहा भाकऱ्या, सुकटीची चटणी, साहेबांच्या पिशव्या उचलायला दोन खांदे, हसायला एक तोंड... आणि ही, न विचारता उचलून आणलेली.

“अगं, गळाची ती दोरी दुसऱ्या कशानं कापतच नाही,” सकाळी धरणाच्या बांधावर गाडी लावताना तो म्हणाला होता. “साहेबांचं नेलकटर नुसतं चावत बसतं. दोनचारदा लागेल फार तर.”

आता दुपार झाली होती आणि सहा वेळा लागली होती. ती मोजत होती. मोजायची सवयच तिला. टाके मोजणाऱ्या बाईला दुसरं येतं काय?

ही कात्री कागद कापत नाही. सुतळी कापत नाही, केस कापत नाही, दुधाची पिशवी तर नाहीच. तलासरीत ज्या बाईकडं ती शिवणकाम शिकली तिनं पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नव्हता, फक्त एवढं सांगितलं होतं — कापडाच्या कात्रीला कापड सोडून काही दाखवायचं नाही. आणि चार दिवसांवर नवरात्र. घरी नऊ चणियाचोळ्या कापायच्या राहिलेल्या, त्यातली निलमची तर आरशांच्या कापडाची, सुळसुळीत, पाण्यासारखी हातातून निसटणारी — त्या कापडाला पात्याची एक दाताएवढी खाच पुरते, तिथं ते अडकतं आणि धागा ओढला जातो, सरळ कंबरेपर्यंत. वापीच्या धारवाल्याकडं कात्री टाकली तर दोन आठवड्यांनी मिळते. म्हणजे नवरात्र संपल्यावर. म्हणजे नऊ पोरी गरब्याला जुने कपडे घालून जाणार आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईकडं जाणार. सगळं इतकं सरळ होतं, पण नविनला ते कधी सांगायचं? त्याच्या तोंडावर ते हसू चिकटलेलं असताना...

“नविन, हा बेडूक चालत नाहीये,” चुरीसाहेब पाण्यात गुडघाभर उभे राहून म्हणाले. “पाण्याचा रंग बघ. अशा पाण्याला पिवळा लागतो.”

“पिवळाच लागतो, साहेब,” नविन म्हणाला.

अर्ध्या तासापूर्वी हिरवा लागत होता, तेव्हाही त्याला हिरवाच लागत होता.

साहेबांच्या जाकिटाला चौदा खिसे होते आणि अनुभव, चंद्रिकेच्या अंदाजानं, तीन माशांचा. बाकीचं मोबाइलवर बघितलेलं. येताना विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात थांबून त्यांनी हा डबा देवीच्या पायांना लावून आणला होता — देवीनं त्यातल्या कोणत्या बेडकाला आशीर्वाद द्यायचा ते मात्र ठरवून आणलं नव्हतं, म्हणून हे चाललं होतं: चारदा फेकायचं, ओढायचं, तोंड वाकडं करायचं, बदलायचं. पाण्यातल्या माशानं जरा मान वळवून बघावं, तोवर समोरचं गेलेलं आणि दुसरंच आलेलं. तिचा बाप, बारक्या, एका गळाला एक बेडूक लावून सकाळ काढायचा. बेडूक बदलायचा नाही, जागा बदलायचा; तीही पाणी बघून. बोलायचा नाही. हे मात्र बोलत होते, आणि एक मान त्यांच्या बोलण्याला हलत होती.

“साहेब, टोकाला ती छोटी क्लिप लावली तर?” नविननं एकदा धीर केला. “म्हणजे दर वेळी कापायला नको.”

“लोखंड दिसतं माशाला. तो काय येडा आहे का?”

“नाही नाही, येडा नाहीच, साहेब.”

मग नविननं दोरी ताणली आणि कात्री लावली. ती दोरी अशी, की बारीक आठ धागे वेणीसारखे गुंफलेले, ओले. पात्यांच्या मध्ये जाऊन बसायची, कापली न जाता दुमडायची, आणि पाती एकमेकांपासून फाकायची. मग नविन जोर करायचा. आणि गाठ वाया जाऊ नये म्हणून — काटकसर सुचली तीही इथं — बेडकाच्या नाकातल्या तारेच्या कडीला अगदी लागून कापायचा. टक्. दोरीचा आवाज नव्हता तो. पातं तारेवर बसल्याचा होता. चंद्रिकेच्या दाढेत गेला.

“सात,” ती म्हणाली.

“काय सात?” नविन.

“काही नाही. भाकऱ्या उरल्यात सात.”

साहेब हसले. “वहिनींचं लक्ष आहे हां सगळीकडं!” आणि तुटका तुकडा बोटानं उडवत म्हणाले, “दर गाठीला चार बोटं दोरी जातेच रे. जाऊ दे. दीडशे मीटर आहे रिळावर.”

चार बोटं. चंद्रिकेनं तो तुकडा गवतातून उचलला आणि बोटाला गुंडाळला. हिरवट, हलका, कशानंच न तुटणारा. नविनची पण हीच रीत ना... लग्न झालं तेव्हा मोबाइल दुरुस्ती होती. मग कोंबड्या. मग वापीला माणसं पोचवायची गाडी, मग ते साबण, ज्याच्या पाच पाच वड्या दोघी नणंदांनी घेतल्या आणि परत कधी विषय काढला नाही. मग गोदाम. दर वेळी पाण्याचा रंग बघून. दर वेळी आधीचं सोडायचं म्हणजे कापायचंच, आणि नवं बांधायला थोडी दोरी लागतेच — तिच्या नर्सिंगचं दुसरं वर्ष त्यात गेलं, बाजारातला गाळा त्यात गेला, दुसरी मशीन गेली. तिनं कधी आवाज केला नाही. चार बोटंच तर होती दर वेळी. माझ्या रिळावर किती मीटर होती, हे मला तरी कोणी सांगितलं होतं?

तिनं तुकडा सोडून दिला. कीव यायला लागली की ती लगेच दुसरीकडं बघायची. कीव परवडत नाही, तुच्छ मानणं परवडतं, त्यात बसून राहता येतं.

म्हणून तिनं पाण्याकडं बघितलं. सकाळपासून ती तिकडं बघायचं टाळत होती. डावीकडं, बुडालेल्या सागाच्या खोडापाशी, पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखं दिसत होतं — थेंब पडावेत तसं, पण आकाश कोरडं. आणि त्याखाली सुपाएवढा लालसर डाग, सरकणारा, थांबणारा. मरळीची पिल्लं. शेकडो. श्वासाला वर येत होती, खाली जात होती. आणि त्यांच्या खाली, हातभर खोल, दिसत नाही पण असतेच ती, त्यांची आई.

बाप लाल पाणी बघितलं की गळ गुंडाळायचा. तिथूनच मागं. तेव्हा ती आठ वर्षांची होती, घरी खायला नव्हतं असं नाही, पण मासा हवा होता. ती म्हणाली होती, बा, ती बघ ना, एवढी मोठी, टाक ना. तर तो म्हणाला, “पोरांवाली हाय ती. भुकेनं नाय येत ती गळाला. तिच्या पोरांवर काय पडलं का रागानं येते. तशी कोणीबी धरील.” एवढंच. धरणात जाळी टाकणारे बाकीचे काय पाळत होते देव जाणे, पण बारक्यानं पाळलं. लाल पाण्यावर बेडूक टाकणं म्हणजे काही येत नसल्याची कबुली, असं काहीसं तोंड करायचा तो.

साहेबांना काहीच येत नव्हतं. आणि ते त्या डागापासून पंधरा पावलांवर उभे राहून, त्याच्याकडं पाठ करून, पिवळा बेडूक उजवीकडं फेकत होते. बघ म्हणावं तुझे साहेब. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं सावलीत पाय पसरले.

आठ. नऊ. बेडूक गेला, पत्र्याचा मासा आला. दहाव्या वेळी साहेबांनी स्वतः कात्री घेतली आणि तिच्या टोकानं तारेची कडी फाकवायला बघितली, टोक सटकलं. अकराव्या वेळी नविननं कापलं. उन्हं कलायला लागली होती. साहेबांनी डबा आवरता आवरता म्हटलं, “आज काही दिवस नाही आपला. पुढच्या रविवारी बघू. काय रे, मोकळा आहेस ना?”

“आहे की, साहेब.”

पुढचा रविवार. नवरात्रातला. आणि नविन तिच्याकडं न बघता हसत होता, पण कानशिलं लाल झालेली — त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं आणि तरी हसत होता. अशा माणसाचं काय करावं!

“थांब, शेवटचा एक ट्राय,” साहेब म्हणाले. “तो काळा बेडूक दे. कात्री आण.”

नविननं कात्री उचलली. मूठ उन्हातून गेली. बारावी.

“साहेब, बदलू नका,” चंद्रिका म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. तिनंही, आतून.

“आहे तोच टाका. तिकडं, खोडापाशी. पाणी लाल दिसतंय ना, त्याच्या पलीकडं टाका आणि त्याच्यावरनं ओढत आणा.”

“लाल म्हणजे? काय आहे तिथं?”

“टाका तुम्ही.”

पहिल्याच वेळी. पाणी फुटलं म्हणावं तसा आवाज झाला, साहेब “अरे अरे अरे” करत मागं सरले, काठी कमान झाली, नविन गुडघाभर पाण्यात धावला — आणि दोरी तुटली नाही. तुटणार नव्हतीच, दिवसभर तिनं बघितलं होतं ना, कशानंच तुटत नाही ती. मरळ काठावर आली तेव्हा नविनच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होती, काळी, पोटाशी पांढरी, आणि तोंड मिटून गप्प.

“वहिनी, तुम्ही तर छुपे रुस्तम!” साहेबांनी तीनचार फोटो काढून घेतले, मासा पुढं धरून, मोठा दिसावा म्हणून.

“तिचे वडील मासेवालेच ना, साहेब,” नविन म्हणाला, छाती काढून. तिनं त्याला असा कधी बघितला नव्हता. “तिला पाणी कळतं.”

“आणि नविन, तुझं ते... बघू. फाइल वरच्या ऑफिसला असते रे, माझ्या हातात काय? पण बघू.”

खोडापाशी लाल डाग अजून होता. सरकत नव्हता. एकाच जागी गोल फिरत होता. खोडाच्या फांदीवर दोन पाणकावळे येऊन बसले होते, पंख न वाळवता, डोळे त्या डागावर.

परतीच्या वाटेवर नविन मोटारसायकल हळू चालवत होता. म्हणाला, “साहेब खूष झाले. तू नसतीस तर...” आणि काही वेळानं, “कात्रीला काही झालं नाही ना गं?”

तिनं मांडीवरची कात्री उघडली, ओढणीचं टोक पात्यांत धरलं आणि दाबलं. अर्ध्यापर्यंत गेलं. मग अडकलं.

“नाही,” ती म्हणाली.

त्याची पाठ समोर होती, घामानं शर्ट चिकटलेला, आणि रोज त्या पाठीकडं बघून जे तुच्छ मानणं सहज वर यायचं ते आज येत नव्हतं. तिनं शोधलं, नेहमीच्या जागी हात घालावा तसं, आणि तिथं काही नव्हतं. साहेब फोटो घेऊन गेले. नविन ‘बघू’ घेऊन चालला होता. अकरावर थांबलेली कात्री माझ्याकडं परत आली, बारावी वाचवली मी... आणि मोबदला कोणी दिला? नविननं आज जे जे दिलं ते निदान आमच्या घरातलं होतं. मी दिलं ते माझं नव्हतं.