रस्त्याकडे पाठ केलेला आरसा

मी एक जुना आरसा आहे. तळहाताएवढा, एका स्कूटरच्या उजव्या मुठीशी बसवलेला. आता मला आडवा तडा गेला आहे. मित्रांनो, माझे काम मागचा रस्ता दाखवण्याचे. पण ते मला फारसे करूच दिले नाही.

माझा मालक शिंपी होता. त्याची बायको दुकानात काजे-बटणे करी. तिला लहानपणीच्या तापाने ऐकू येईनासे झाले होते. समोरच्याचे ओठ वाचून ती सगळे समजून घेई. पण स्कूटरवर मागे बसली की तिला दिसे ती नुसती नवऱ्याची पाठ. म्हणून त्याने मला आत वळवले. माझ्यात तिला त्याचे ओठ दिसू लागले आणि त्याला ती.

"काय काजेवाली, आज तोंड का फुगलंय?"

"अहो, समोर बघा!"

"समोर काय, रोजच बघतो."

माझी मान सैल होती. जरा हादरा बसला की मी पुन्हा रस्त्याकडे वळे. शेवटी वैतागून त्याने तिला शिवलेल्या पिवळ्या कोटातून उरलेली चिंधी माझ्या सांध्यात ठासली आणि वरून टाके घातले. शिंपीच तो! मग मी हललो नाही. दुकानाशेजारचे लोक कौतुकाने म्हणत, "बायकोवेडा आहे लेकाचा!"

एका दुपारी उजवीकडे वळताना त्याने हात दाखवला, मागे मात्र पाहिले नाही. मागून टेम्पो भरधाव येत होता. मला तो दिसलाच नाही. माझ्यात ती हसत होती.

तो जागीच गेला. तिचा पाय मोडला.

तिने भरपाईचा दावा लावला, तेव्हा मला कळले की चूकसुद्धा वाटून देतात. गेलेल्या माणसाची जेवढी चूक, तेवढी भरपाई कमी. तिला भरपाईचे फारसे नव्हते. नवऱ्याच्या नावावर चूक लिहिली जाऊ नये, एवढेच हवे होते. तिच्या वकिलाने तिला पढवून ठेवले, "आरसा धडकेनं फिरला म्हणा. बस्स."

कुबडी टेकून ती साक्षीला उभी राहिली. अंगात तोच पिवळा कोट.

"आरसा आत कसा वळला, बाई?" विमा कंपनीच्या वकिलाने विचारले.

"धडकेनं."

त्याने मला पुराव्याच्या टेबलावरून उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरले आणि पुढचा प्रश्न केला. तिला माझ्यात तिचाच चेहरा दिसला.

"तो बाजूला करा. तुमचं बोलणं दिसत नाही मला."

"बघा साहेब! आरसा भलतीकडे असला की माणसाला काही कळत नाही."

कोणीतरी फिसकन हसले. वकिलाने मला खाली घेतले आणि नखाने सांध्यातली चिंधी उकरली.

"आणि हे टाके? तेही धडकेनंच पडले का?"

सगळ्यांच्या नजरा तिच्या बाहीकडे गेल्या.

"कापड माझं आहे," ती म्हणाली. "त्यांना माझ्याशी बोलायचं असायचं."

निकालात चुकीचे तीन हिस्से झाले. दोन टेम्पोवाल्याचे, एक शिंप्याचा.

"त्याचा कसला? तो हिस्सा तुझा," घरी आल्यावर सासू म्हणाली. एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवून म्हणाली, सुनेला वाचता यावा म्हणून.

मी परत मिळालो, तेव्हा तिने टाके उसवून चिंधी ठेवून घेतली आणि मला भंगारात दिले. चिंधी निघताच माझी मान फिरली. आता मला ढिगाऱ्यातून मागचा रस्ता अगदी स्वच्छ दिसतो.

मित्रांनो, निकाल खोटा नव्हता, म्हणूनच तो तिला जास्त लागला. तुम्ही मला रस्त्याकडेच वळवून ठेवा. बोलायचे असेल तर गाडी कडेला घ्या, उतरा आणि समोरासमोर बोला. त्या दोघांना एवढे कधी सुचलेच नाही.