सातवा दाता

“काय मिळालं ते नंतर. आधी कसं केलंस ते सांग,” माझा मुलगा टिल्लूला म्हणाला आणि सगळे हसले. वाक्य माझं होतं आणि त्याने ते माझ्याच घोगऱ्या आवाजात म्हटलं होतं.

टिल्लू माझ्या लेकीचा मुलगा. लहानपणी पडलेलं नाव चिकटलंय, पण आता तो आईपेक्षा वीतभर उंच आहे. शाळेचं वर्ष संपलं की निकाल घेऊन सगळे आमच्याकडे जमतात. ज्याला काही मिळालं असेल त्याने माझ्या हातवाल्या खुर्चीत बसायचं, मोठ्यांनी त्याला वाढायचं, आणि कौतुकाचा पहिला शब्द निघायच्या आत त्याने ते कसं केलं हे सांगायचं. हा नियम मी कारखान्याच्या शिकाऊ विभागातून घरी आणला. तिथे मी फिटरचं काम शिकवत असे. एखाद्याचं काम पास झालं की त्याला बाकीच्या मुलांसमोर उभं करायचो. ज्याला कसं केलं हे सांगता येत नाही त्याने ते केलेलंच नसतं, असं अडतीस वर्षं म्हणत आलो.

टिल्लूला वर्षभरात एकही दिवस न चुकवल्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं.

“रोज गेलो,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“पाय मुरगळला होता तेव्हा पण गेलो. ताप आला तेव्हा आईला सांगितलंच नाही.”

“अभ्यासात डोकं चाललं नाही, पाय तरी चालले,” लेक म्हणाली.

“गणिताच्या पेपरला तेवढा घरी राहिला असतास तर बरं झालं असतं रे,” त्याचा मामा म्हणाला. टिल्लूही हसला. त्याचं स्वतःचं होतं ते. कोणी कितीही थट्टा केली तरी त्यातला एक दिवसही कमी होणार नव्हता.

मग खुर्चीत मुंगी येऊन बसली. माझी नात, दहा वर्षांची. रांगायला लागली तेव्हापासून तोंडात नाहीतर हातात काहीतरी धरून इकडून तिकडे न्यायची, म्हणून मुंगी. तिच्यापुढे टेबलावर लाकडी क्रेन होती. हाताने दांडा फिरवला की दोरी गुंडाळली जाते आणि वजन वर येतं. बाजूला पितळेचं दाते पाडलेलं चाक आणि त्या दात्यांत अडकणारी एक छोटी खिटी. दांडा सोडला तरी वजन खाली पडू नये, म्हणून. क्रेनच्या मानेला निळी फीत होती. शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर.

“हं, कसं केलंस?” मुलाने विचारलं.

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

तीन आठवडे आम्ही दोघं मागच्या पडवीत बसत होतो. तिथे माझं जुनं टेबल आहे, त्यावर काम घट्ट पकडायचा व्हाइस बसवलेला, आणि भिंतीला ओळीने कानशी. मी मागे उभा राहायचो, दोन्ही हात पाठीशी बांधून. ती माझी जुनी सवय. शिकणाऱ्याच्या हातातली कानस काढून घ्यायची नाही. एकदा घेतली की त्याला कायमचं कळतं की आपण नाही केलं तरी चालतं. कारखान्यात मुलं मला मागून ‘कैदी’ म्हणायची, त्या बांधलेल्या हातांमुळे. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मुंगीने कंपासने वर्तुळ काढलं. त्याच कंपासने वर्तुळावर सहा खुणा केल्या, मग मधल्या प्रत्येक अंतराचे दोन भाग. बारा दाते. करवतीने चिरा पाडल्या. कानस धरायला शिकली. “पुढे जाताना दाब, परत येताना उचल,” मी सांगायचो. “कानस पुढे जातानाच कापते. परत येताना घासलीस तर तीच बोथट होते.” मला बघायचीसुद्धा गरज नसते. नुसत्या आवाजावरून कळतं. तिची बोटं काळी झाली, अंगठ्याला फोड आला. सुनेने एकदा पडवीच्या दारात येऊन विचारलं, “बाबा, हिला काय कारखान्यात लावताय का?” मुंगीच म्हणाली, “आई, तू मध्ये बोलू नकोस, दाता बिघडतो.”

अकरा दाते नीट आले. सातवा जरा जास्त घासला गेला. दिसायला फरक सुतभर, पण खिटी तिथे पोचायची नाही. दांडा फिरवताना सहाव्यापर्यंत टिक टिक व्हायचं, पण सातव्यावर सोडला की चाक घसरायचं आणि वजन एक दाता खाली यायचं. ठक.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मुंगी आईबरोबर क्रेनची नवी दोरी आणायला बाजारात गेली. मी पडवीत एकटाच होतो. दांडा फिरवून पाहिला. ठक. पुन्हा फिरवला. ठक.

वेळ उरला नव्हता, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. सबंध संध्याकाळ शिल्लक होती. खरं असं की प्रदर्शनाचा परीक्षक माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा होता. आता त्याचे केस पांढरे झालेत, तो शाळेत हस्तकला शिकवतो. तो हे चाक हातात घेणार, दांडा फिरवणार, आणि मास्तरांच्या नातीची क्रेन त्याच्यासमोर ठक करणार. आणि दुसरं खरं असं की निवृत्त झाल्यापासून माझ्या हातांना कोणी काही विचारलं नव्हतं. तीन आठवडे ते पाठीमागे शिवशिवत होते.

पितळेचा नवा तुकडा घेतला. चाळीस मिनिटं लागली. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, हेही सांगून टाकतो.

मुंगी परत आली, दोरी ओवली, दांडा फिरवला. टिक टिक टिक, बाराही. तिने पुन्हा फिरवला. मग चाकावरून अंगठा फिरवला. आपल्या हाताच्या खुणा माणसाला ओळखता येतात. दहा वर्षांच्यालाही.

“माझं कुठंय?”

“भंगाराच्या डब्यात,” मी म्हणालो. “आता नीट चालेल बघ.”

तिने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “छान झालंय.” पाहुण्यांनी आणलेल्या न आवडलेल्या भेटीला तिची आई म्हणायला लावते, अगदी तसं.

आज सकाळी शाळेत परीक्षकाने क्रेन उचलली. दांडा फिरवला नाहीच. नुसता चाकावरून अंगठा नेला, दात्यांच्या कडा पाहिल्या. मग गर्दीत मला शोधलं. बक्षीस देऊन झाल्यावर माझ्याजवळ आला, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, हात अजून तसाच आहे.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याने ओळखलं होतं आणि तरीही फीत बांधली होती, माझा मान राखायला म्हणून. शेजारच्या टेबलावर एका मुलाची पवनचक्की होती. तिरकी, गोंदाचे ओघळ आलेली, स्वतः केलेली. तिला दुसरा नंबर होता.

“अगं सांग ना,” मुलगा म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

मुंगी सांगायला लागली. कंपास, सहा खुणा, बारा भाग. करवतीचं पातं दोनदा तुटलं ते. अंगठ्याचा फोड दाखवला. ती छान सांगत होती, क्रमाने, काही न गाळता. माझ्या एकाही शिकाऊ मुलाने इतकं नीट सांगितलं नसेल. मग ती दात्यांपाशी आली आणि अडखळली.

“मग दाते कानसले. एक चुकला होता. सातवा.”

“मग?”

तिने माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती. माझ्यासाठी थांबली होती, हे मला कळत होतं. मी रिकामा पेला पुन्हा ओठांना लावला.

“मग आजोबांनी सांगितलं तसा नीट केला,” ती म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने तिचा गालगुच्चा घेतला. सुनेने ताटात मिठाई वाढली. मुंगी खाली मान घालून बसली होती, तिचे कान लाल झाले होते. ते माझे कान होते. माझी लाज ती नेसून बसली होती, आणि आम्ही मोठी माणसं तिला वाढत होतो.

“चाक मी केलंय,” मी म्हणालो.

“काय म्हणालात?” सून म्हणाली.

“ते चाक मी केलं. ती बाजारात गेली होती तेव्हा. तिचं मी फेकून दिलं.”

मग लेक हसली. “एवढंच ना बाबा? माझं शाळेतलं शिवणकाम सगळं आईच करायची. बाईंना माहीत होतं. उलट आईलाच विचारायच्या, पुढच्या वर्षी काय करणार म्हणून.”

“हो ना,” सून म्हणाली. “बाकीच्या मुलांचं काय त्यांनी स्वतः केलेलं असतं होय? तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.”

मुलगा हसला नाही. तो क्रेनचा दांडा हळूहळू फिरवत होता. टिक टिक टिक.

“माझ्या वेळी नाही केलंत,” तो म्हणाला. “ते स्टूल आठवतंय? तीन पायांचं. डुगडुगत होतं. मी रडत होतो आणि तुम्ही मागे हात बांधून उभे. वर्गात सगळ्यात कमी मार्क मला.” मग तो हसला. “बरंच आहे. नातवंडांचं नशीब वेगळं असतं.”

ते स्टूल अजून पडवीत आहे. त्याच्या एका पायाखाली मी पत्र्याची घडी घालून ठेवलीय. त्याला ते माहीत नसावं.

“मग आता बक्षीस परत द्यायचं का?” टिल्लूने विचारलं.

“गप रे,” त्याची आई म्हणाली.

पण प्रश्न टेबलावर येऊन पडला होता, आणि सगळे मुंगीकडे बघायला लागले. तेव्हा मला कळलं की मी काय केलं. मी माझ्या छातीवरचं उतरवलं, ते तिच्या पुढ्यात ठेवलं, तेही सगळ्यांसमोर. एकदा तिच्या पाठीमागे तिचं काम घेतलं, आता तिच्यादेखत तिचं बक्षीस. आधी तिला एकटीला गाठून सांगायला हवं होतं. तिला विचारायला हवं होतं.

मुंगी खुर्चीतून उतरली. फितीची गाठ तिला सुटेना. कोणी मदतीला पुढे व्हायच्या आत तिने ती ओढून क्रेनच्या मानेवरून काढली, घडी करून माझ्या रिकाम्या पेल्याशेजारी ठेवली आणि क्रेन उचलून आत निघून गेली.

“बघा, चव घालवलीत ना सगळी,” लेक मला म्हणाली. रागाने नव्हे. पण खरंच होतं.

थोड्या वेळाने मी पडवीत गेलो. उन्हं कलली होती. मुंगी तीन पायांच्या स्टुलावर बसली होती आणि तिने आधीच माझं चाक क्रेनवरून उतरवलं होतं. तिच्या तळहातावर तिचं जुनं चाक होतं. डब्यातून तिने ते केव्हा काढून घेतलं होतं कोण जाणे. शेजारी तिची कंपासपेटी उघडी होती आणि आत ते गुंडाळून ठेवलेला रुमाल.

“मुंगे,” मी म्हणालो. “माझं चुकलं. दोनदा.”

तिने मान हलवली. हो म्हणून, की असू दे म्हणून, ते कळलं नाही.

“उद्या मी तुझ्या हस्तकलेच्या सरांकडे जाऊन सांगतो. फीत त्या पवनचक्कीवाल्याला मिळायला हवी.”

“मी पण येणार,” ती म्हणाली. “पण माझं चाक लावून.” मग थोड्या वेळाने, “हा छोटा दाता वाढवता येतो का?”

“नाही. गेलेलं पितळ परत येत नाही.”

“मग?”

“बाकीचे अकरा त्याच्याइतके खाली आणायचे. खिटी जरा आत सरकवली की झालं.”

“अकराच्या अकरा?”

“हो.”

तिने चाक व्हाइसमध्ये धरलं. आवळताना तिला व्हाइसच्या दांड्याला लोंबकळावं लागलं. मग भिंतीवरची बारीक कानस काढली, कानशीच्या धारेवरून बोट फिरवून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही तिकडे तोंड करा.”

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आतून कपबशांचा आवाज येत होता, कोणीतरी टिल्लूला काहीतरी चिडवत होतं. मागे कानस सुरू झाली. पुढे जाताना आवाज चांगला होता. परत येताना ती उचलत नव्हती, घासत होती. पुन्हा. पुन्हा.

मी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे घट्ट धरलं आणि ऐकत राहिलो.