अख्खा समाज बिसेन

मुर्रीच्या उमेंद्र कटरेने पोवार समाजासाठी लग्न जुळवायची वेबसाइट करायला घेतली, तेव्हा ज्येष्ठांनी एकच अट घातली. एका कुळाचे पोरगा-पोरगी एकमेकांसमोर दिसता कामा नयेत. बाकी साइट चालो न चालो, त्यांना सोयरसुतक नव्हतं. उमेंद्रने अट पाळली. कुळ, म्हणजे आडनाव, एक निघालं की नाव आपोआप गायब.

त्याच्या लॅपटॉपवर साइट झकास चालायची. पण लॅपटॉपवरची साइट लॅपटॉपपुरतीच. चारचौघांच्या मोबाईलवर दिसायची तर ती दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर चढवावी लागते, त्याला क्लाऊड म्हणतात, हे त्याने समाजाचे अध्यक्ष ग्यानीराम बिसेन यांना घसा कोरडा होईस्तोवर समजावलं.

"तुह्या डबड्यात तू काहीबी दाखवशील," ग्यानीराम म्हणाले. "समाजाच्या संमेलनात माह्या फोनवर दिसंल तेच खरं. माह्या पोरीसाठी, दुर्गेश्वरीसाठी, पोरगा बी तिथूनच निवडीन, सगळ्यायच्या देखत."

उमेंद्रकडे बायोडाटे टाइप करायला दुर्गेश्वरीच यायची, आणि टाइप करता करता याचं काळीज कधीच तिच्याकडे जमा झालं होतं. तिच्या नावापुढे येणारी उपवर पोरांची रांग त्याला बघवेना. म्हणून त्याने गंमत म्हणून डेटाची दुसरी फाइल केली. तिच्यात स्वतःला सोडून समाजातल्या झाडून सगळ्या पोरांचं कुळ बिसेन करून टाकलं. दुर्गेश्वरीचं नाव टाकलं की उरायचा एकटा उमेंद्र. असे रिकामटेकडे उद्योग फक्त प्रेमात पडलेला माणूसच करतो. एकदा दुर्गेश्वरीने ते पाहिलं, आणि ती तशीच चहा पीत राहिली.

संमेलनाच्या सकाळी नेमकं मुर्रीतलं नेट गेलं. दुर्गेश्वरीच्या घरी, गोंदियात, ब्रॉडबँड होतं. उमेंद्रने पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. "खरी फाइल चढवजो. दुसरीले हात नको लावू."

दुपारी समाज भवनात ग्यानीरामांनी चष्मा चढवला, फोनवर पोरीचं नाव टाकलं, तर समोर एकटा उमेंद्र कटरे. मग त्यांनी इतर पोरांची नावं उघडून पाहिली. पटले, टेंभरे, रहांगडाले, सगळे बिसेन. अख्खा समाज त्यांचा भाऊबंद झाला होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काऊन रे, हे का करून ठेवलंस?" ग्यानीरामांनी उमेंद्रला विचारलं.

आता खोटं बोललो तर पोरगीही जाईल आणि तोंड दाखवायलाही जागा राहणार नाही, एवढं उमेंद्रला कळलं. "काका, ते मीच केलं. दुर्गेश्वरीसमोर दुसरा कोणी मले पाहवत नव्हता. पण हे चढवायचं नव्हतं. फाइल चुकली."

"नाही चुकली," बायकांच्या रांगेतून दुर्गेश्वरी उठली. "दोन्ही फाइली उघडून पाहिल्या अन् मंगच चढवली मी. बाबूजी, फोनवर दिसंल तेच खरं, तुम्हीच म्हणलं होतं."

ग्यानीरामांनी फोन खिशात घातला, परत काढला, परत पाहिला. नाव अजून एकच होतं.

"आधी या पोट्ट्यायले ज्याचं त्याचं कुळ वापस दे," ते उमेंद्रला म्हणाले. "मंग बुधवारी मायबापाले घेऊन घरी ये."