गाडी तापली होती

फोन आला तेव्हा तो चढावर गाडीच्या नाकाशी उभा होता. बॉनेट उघडं, रेडिएटरच्या तोंडावर ओलं फडकं, हातात पाण्याचा अर्धा कॅन. पलीकडून लेक म्हणाली, "बाबा, आई गेली."

तो म्हणाला, "आलोच." मग त्याच्या लक्षात आलं की आता आलोच म्हणून काही उपयोग नाही. तरी त्याने उरलेलं पाणी ओतलं, झाकण फिरवून बसवलं आणि गाडी सुरू केली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

सकाळीच लेकीने हॉस्पिटलमधून कळवलं होतं, आईचं लक्षण बरं दिसत नाही, असाल तिथून निघा. तो लगेच निघाला होता. मागे फरशीचा माल होता, तो उतरवायलाही थांबला नाही. पण चढ लागला आणि काटा लाल पट्टीत गेला. थांबला, पाणी घातलं, निघाला. दोन वळणं झाली की पुन्हा तेच. एक मोटार आली, त्याने हात केला, ती वेग वाढवून निघून गेली. तेव्हा त्याने लेकीला फोन करून सांगितलं, "गाडी तापलीय. पोचतोच."

यातच सगळी गोम होती. कारण "गाडी तापली होती" हे वाक्य त्याच्या घरात फार जुनं होतं. लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता तेव्हा गाडी तापली होती. मेहुण्याच्या साखरपुड्याला गाडी तापली होती. ढाब्यावर पत्ते रंगले, मित्र भेटला, झोप लागली, तरी घरी तापायची ती गाडीच. बायको दारात येऊन बॉनेटवर हात ठेवायची आणि म्हणायची, "बर्फ झालाय की हो हिचा." मग आत जाऊन ताट वाढायची. तिने कधी त्यावरून भांडण काढलं नाही. लेक मात्र ते सगळं ऐकत मोठी झाली होती.

तो पोचला तेव्हा माणसं बाहेर उभी होती. कुणी त्याला काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, "गाडी तापली होती." लेकीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळं उरकल्यावर त्याने गाडी मेहुण्याच्या गॅरेजात नेली. मेहुणा मिस्त्री, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. पण सख्खी बहीण गेलेली, त्यामुळे त्या दिवशी तोही निम्माच बोलत होता.

"कुठे तापते दाजी?"

"चढाला. भरलेली असताना."

मिस्त्रीने फॅनचा पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात सोडला, तो वेळेवर उघडला. तरीही नवा टाकला. रेडिएटरचं झाकण बदललं. इंजिन सुरू ठेवून रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले असते तर हेडचं गॅस्केट गेलं म्हणायचं. पाणी तळ्यासारखं शांत होतं. गाडी जागेवर किती तरी वेळ घुरघुरत राहिली. काटा मधोमध, हलायला तयार नाही.

"दाजी, हिला काही झालेलं नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "तुमच्यापेक्षा तब्येतीने बरी आहे."

"त्या दिवशी तीनदा उकळली."

"असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे असेल. मी काय म्हटलं?" मिस्त्री पाने आवरायला लागला. "आता शोधून काय करायचंय तुम्हाला? जरा घरी बसा. पोरीशी बोला."

पण पोरीशी बोलायचं तर आधी हे सापडायला हवं होतं. रिकाम्या हाताने तो तिच्यासमोर काय बोलणार? काहीही म्हणाला असता तरी ते त्याच जुन्या वाक्याला जाऊन मिळालं असतं.

त्याने डोकं लढवलं. जागेवर तापत नाही. सपाटीला तापत नाही. चढाला, खालच्या गिअरमध्ये, इंजिन ओरडत असतं तेव्हाच तापते. म्हणजे रेस दिल्यावर काहीतरी होतं आणि रेस सोडली की ते नाहीसं होतं. पाहायचं तर एकाने केबिनमध्ये बसून रेस द्यायची आणि दुसऱ्याने पुढे वाकून बघायचं.

हे दुसरं माणूस नेहमी बायको असायची. तो अंगणातून हाक मारायचा, ती हात पुसत यायची, साडी सावरत केबिनमध्ये चढायची. "दे. अजून. बस." झालं की उतरून आत. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण रेस अशी धरायची की आवाज जराही वरखाली होत नसे.

त्याने सीट आणि पायडलच्या मध्ये लाकूड अडकवून पाहिलं. ते सटकलं आणि काचेवर आपटलं.

सुट्टीच्या दिवशी लेक आईचं कपाट आवरायला आली. दुपारपर्यंत ती आतल्या खोलीत होती आणि तो अंगणात. शेवटी तो दारात जाऊन उभा राहिला.

"जरा रेस द्यायला येतेस?"

"मामाला बोलवा ना."

"मामा म्हणतो गाडीला काही झालेलं नाही."

तिने हातातली साडी घडी न घालताच पलंगावर ठेवली. "मला येत नाही हं त्यातलं काही."

"पाय ठेवायचा फक्त."

ती चढून बसली. त्याने इंजिन गरम होऊ दिलं. मग तो पुढे वाकला आणि ओरडला, "दे. अजून. अजून दे. धर तशीच."

आणि त्याला दिसलं. रेडिएटरच्या तळाकडून पंपाकडे जाणारा जाड रबरी होज हळूहळू आत ओढला गेला. दात नसलेल्या म्हाताऱ्याचे गाल बसावेत तसा. पार चपटा. आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली असणार. पंप जोरात ओढायला लागला की रबर मिटत होतं आणि इंजिनचं पाणीच बंद होत होतं. बाहेरून होज नव्यासारखा होता. मिस्त्रीला दिसणारच कसा?

"ये, ये लवकर, बघ इथे," त्याने हात हलवला.

तिने पाय उचलला, उतरली, वळसा घालून पुढे आली. होज टम्म गोल होता.

"काय बघू?"

"आत्ता चपटा झाला होता. पूर्ण बसला होता."

तिने होजकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हो का," ती म्हणाली.

"तू पाय काढलास म्हणून फुगला. थांब तू इथे. मी देतो रेस. या पाईपावरची नजर काढू नकोस. चपटा झाला की हात वर कर."

तो केबिनमध्ये चढला. समोर उघडलेलं बॉनेट, त्यामागे लेक. तिचे पायसुद्धा दिसत नव्हते. त्याने पायडल दाबलं. "दिसतंय का?" आवाजात ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. त्याने आणखी दाबलं. काटा हलला. मधून वर, वरून लालकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो सरकत होता, आणि त्याला बरं वाटलं. इंजिन बसेल हे कळत असून त्याने पाय काढला नाही. तिने हात वर करेपर्यंत काढायचा नाही असं त्याने ठरवलं.

बॉनेटच्या कडेने वाफ आली. मग तिचा हात.

तो उतरून पुढे गेला. ती मागे सरून भिंतीला टेकली होती.

"दिसलं?"

"दिसलं बाबा."

"चपटा झाला ना?"

"झाला."

तिने खरंच पाहिलं की एकदाचं संपावं म्हणून हो म्हटलं, ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तो म्हणाला, "मी खोटं बोललो नव्हतो त्या दिवशी."

"मला ठाऊक आहे."

"मग माझ्याशी का बोलत नाहीस?"

ती रेडिएटरखाली ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाली, "तुमचा फोन आला तेव्हा आई शुद्धीवर होती. कुठे आहेत म्हणून विचारलं तिने. मी सांगितलं, गाडी तापलीय म्हणतात."

"मग?"

"हसली."

"काही बोलली?"

"नाही. नुसती हसली. मग डोळे मिटले. हे तुम्हाला सांगू की नको, तेच कळत नव्हतं मला."

गाडी निवत होती, पत्रा अधूनमधून टकटक वाजत होता. लेक आत गेली, पिशवी घेऊन आली, "येते" म्हणाली आणि गेली. कपाट अर्धंच आवरून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीने स्वतः रेस देववून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "माफ करा दाजी." स्प्रिंगवाला नवा होज मिस्त्रीनेच आणून दिला. म्हणाला, दोन क्लिपांचं काम आहे, चहा होईपर्यंत बसवतो. तो म्हणाला, राहू दे, मी बसवीन.

होज सीटवर पडून आहे. तो अजून बसवायचा राहिला आहे.