ठराव क्रमांक चार

"आवं टिळेकर, दोनच तर वळी लिवायच्या हायत. जागा बी तुमीच सोडून ठिवलीया," असं म्हणत सोपानराव काळजेंनी इतिवृत्ताची जाडजूड वही टिळेकरांच्या पुढ्यात सरकवली आणि जिना चढून आलेला घाम रुमालानं टिपला.

श्रीपाद टिळेकर वहीकडे पाहत राहिले. पिंपरी कॅम्पात एका रंगाच्या दुकानावर विद्यापीठाच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राच्या दोन खोल्या होत्या. तिथे टिळेकर पंधरा वर्षं कारकून होते. बोंद्रे साहेब निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं साहेबांचं सगळं काम तेच करत होते, फक्त साहेबांच्या खुर्चीत बसत नव्हते. त्या खुर्चीसाठी त्यांनी अर्ज केला होता, आणि सकाळीच विद्यापीठाचं पत्र आलं होतं. पदव्युत्तर पदविका नसल्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही, असं त्यात होतं. खाली आधारही दिला होता : रोजगार मार्गदर्शक मंडळ, पिंपरी-चिंचवड, ठराव क्रमांक चार, ऑगस्ट १९७६.

मंडळाचे सहचिटणीस म्हणून तो ठराव टिळेकरांनी स्वतः टाइप केला होता. विद्यापीठाला पाठवताना पाकिटाला डिंकही त्यांनीच लावला होता, आणि विद्यापीठानं तो मान्य केल्याचं कळलं तेव्हा पदरचे पेढे वाटले होते.

विद्यापीठातल्या ओळखीच्या हेडक्लार्कनं, नंदकिशोरनं, फोनवर एक वाट दाखवली होती. "सध्याच्या कर्मचाऱ्यांना सवलत आहे अशी नोंद तुमच्या मूळ वहीत असेल, तर सोमवारी वही घेऊन या. फेरविचार होईल. नुसतं कोणाचं पत्र आणू नका, चालणार नाही."

म्हणून तर सोपानराव भोसरीहून धावत आले होते. ते तिथल्या गिअरच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर आणि मंडळाचे अध्यक्ष. "मी सोता बोललो हुतो त्या दिवशी," ते म्हणाले. "सध्याच्या मान्सांना ही अट लावायची न्हाई, आसं. समदी व्हय म्हनली. मंग वहीत का न्हाई?"

"नाही लिहिलं."

"का पन?"

का, हे टिळेकरांना चांगलं ठाऊक होतं, पण सांगायची लाज वाटत होती.

बोंद्रे साहेबांनी त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "टिळेकर, नुसत्या टेबलावर बसून या धंद्यात कोणी मोठं होत नाही. माणसांत राहा. मंडळाचं काम अंगावर घ्या." टिळेकरांनी ते इतकं मनावर घेतलं की मंडळच त्यांच्या अंगावर येऊन बसलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुठल्या तरी कारखान्याच्या कँटीनमध्ये सभा भरायची. एकेक पर्सोनेल ऑफिसर उभा राहून आपल्याकडे कोणत्या जागा निघणार ते सांगायचा. टिळेकर ते कार्डांवर उतरवून घ्यायचे आणि सोमवारी ती कार्डं बसनं, नाहीतर पायी, कॉलेजाकॉलेजांत पोचवायचे. फिटर, टर्नर, ड्राफ्ट्समन, स्टेनो अशी किती पोरं-पोरी त्या कार्डांवर चिकटली, याचा त्यांनी हिशेब ठेवला नव्हता. बारा वर्षं ते सहचिटणीस होते. सभेची नोटीस, खुर्च्या, चहा, आभार आणि इतिवृत्त ही सगळी कामं त्यांचीच. आताशा गुडघे दुखत. त्यांना वाटायचं, एवढी सगळी मोठी माणसं आपल्याला ओळखतात, वेळ येईल तेव्हा खुर्ची आपोआप मिळेल.

शहात्तरच्या त्या सभेत आपल्या व्यवसायाला मान मिळावा म्हणून पदविकेची अट घालायचं ठरलं. चहा येता येता सोपानराव ते सवलतीचं वाक्य बोलले. टिळेकरांनी ते कच्च्या कागदावर टिपलंही. पण घरी पक्की प्रत करायला बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, साऱ्या मंडळात पदविका नसलेला माणूस एकच, आणि लेखणीही त्याच्याच हातात. लोक म्हणतील, गड्यानं स्वतःची सोय लावून घेतली. त्यांनी ते वाक्य गाळलं. पुढच्या सभेत कोणी विचारलं असतं तर त्यांनी आनंदानं घातलं असतं. रीतीप्रमाणे इतिवृत्त वाचून दाखवलं, आणि रीतीप्रमाणे कोणीच ऐकलं नाही. सोपानरावांनी बटाटेवडा खाता खाता सही ठोकली.

"माजी सही खाली हायच," सोपानराव आता म्हणत होते. "वर जागा हाय. पेन त्येच, शाई तीच. आन खोटं कुठं हाय ह्यात? बोललंच हुतं की!"

खोटं नव्हतंच. टिळेकरांनी टोपण काढलं. घरी वासंतीबाईंनी शेजारच्या शालनबाईंना केव्हाच सांगून टाकलं होतं, यंदा आमचे हे साहेब होणार. पेन कागदाला टेकणार एवढ्यात त्यांना ज्योतीराम आठवला.

उदगीरकडचा पोरगा. एक्काहत्तर साली चांगली नोकरी दारात आली होती, पण दाखल्यावरच्या तारखेनं तो वयात बसत नव्हता. त्यानं दाखल्यावर साल खाडाखोड करून आणलं. "मास्तरनं चुकीचं लिवलंय साहेब. पुरात जल्मलो मी, समद्या गावाला ठावं हाय," तो काकुळतीला येऊन सांगत होता. टिळेकरांचा त्याच्यावर विश्वास बसला होता. तरी त्यांनी दाखला परत केला. म्हणाले, "खरं असेल रे. पण मागाहून लिहिलेलं मी पुढे पाठवणार नाही." नोकरी गेली. आता तो पिंपरी स्टेशनाजवळच्या गल्लीत स्टोव्ह दुरुस्त करायचा. टिळेकर रोज तिथून जात, आणि तो रोज हसून नमस्कार करी. त्या नमस्काराचा त्यांना फार त्रास व्हायचा.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"येडे हायसा तुमी," सोपानराव म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

संध्याकाळी वासंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, पण तुम्ही तेव्हाच का नाही लिहिलंत?" एवढंच त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. टिळेकरांना वाटलं, आपल्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण नुसता थकवा आला होता.

अडीच महिन्यांनी मृदुला पानसे नावाच्या बाई साहेब म्हणून आल्या. वय जेमतेम तीस, पदविका पहिल्या वर्गात. टिळेकरांनी त्यांची खुर्ची पुसून ठेवली, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, आणि पहिल्या शनिवारी त्यांना मंडळाच्या सभेला नेलं. जुने ठराव नव्या सभासदाला वाचून दाखवायची मंडळाची पद्धत होती. टिळेकर उभे राहून वाचू लागले. नेहमीप्रमाणे बशा वाजत होत्या. ठराव क्रमांक चार संपला.

"एक मिनिट," पानसे बाई म्हणाल्या. "आधीपासून काम करत असलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी यात काहीच नाही?"

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं वाचन कोणीतरी ऐकलं होतं. बशा थांबल्या. सोपानराव टेबलाकडे पाहू लागले.

"बोललं गेलं होतं बाई," टिळेकर म्हणाले. "लिहायचं राहिलं."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून."

बाईंनी त्यांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग आज लिहा. आजच्या तारखेनं."

टिळेकर खाली बसले. नवीन पान उघडून त्यांनी वर तारीख घातली, हजर सभासदांत पहिलं नाव मृदुला पानसे लिहिलं, आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली : सध्याच्या कर्मचाऱ्यांना ही अट लागू नाही, असे ऑगस्ट १९७६च्या सभेत ठरले होते. ओळ पुरी झाल्यावर त्यांनी ती एकदा वाचली, शाई वाळू दिली, आणि वही सहीसाठी सोपानरावांपुढे सरकवली. या वेळी सोपानरावांनी हातातला वडा बशीत ठेवला, चष्मा लावला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.

टिळेकर चहा कुठवर आला ते पाहायला उठले.